बर्फात पोसणारे रुपेरी झुडूप

अमेरिकेच्या पश्चिमेला, नेवाडा-यूटाच्या कोरड्या पठारांवर, नजर पोहोचेल तिथवर एकच करडे-रुपेरी झुडूप दिसते. गुरे ते आवडीने खात नाहीत. त्यामुळे विसाव्या शतकात कुरणे वाढवण्यासाठी ते मोठ्या प्रमाणावर नांगरून, तणनाशके फवारून काढले गेले. ही फार मोठी चूक होती असे मला वाटते.

हे सेजब्रश, शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा. दवण्याच्याच प्रजातीतले आणि तितकेच उग्र वासाचे. पान जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, टोकाला तीन दाते. भिंगाखाली धरले की त्यावर दाट पांढुरकी लव दिसते; रुपेरी रंग तिचाच. ही लव ऊन परतवते आणि पानातून पाणी उडण्याचा वेग कमी करते. वसंतातली मोठी पाने उन्हाळ्यात गळतात, लहान पाने मात्र हिवाळाभर हिरवी राहतात.

याच पानांवर सेज ग्राउज जगतो. हा कोंबडीच्या गणातला पक्षी, पण कठीण दाणे दळणारे मजबूत जठर त्याला नाही. हिवाळ्यात तो जवळजवळ फक्त सेजब्रशची पाने खातो. तीही निवडून: ज्या झुडपात प्रथिने जास्त आणि उग्र तैलद्रव्ये कमी, तिथे तो चरतो. जेमतेम अर्ध्या किलोच्या पिग्मी सशाचाही हिवाळ्यातला आहार जवळपास पूर्णपणे हाच, आणि त्याची बिळेही याच झुडपांच्या बुडाशी. प्राँगहॉर्न हरणासारखा प्राणीसुद्धा बर्फात याच्यावरच भिस्त ठेवतो.

जमिनीखालची गोष्ट तर मला सर्वांत विलक्षण वाटते. रात्री याची मुळे खोलवरचे पाणी ओढून वरच्या कोरड्या मातीत सोडतात. १९८७ साली रिचर्ड्स आणि कॉल्डवेल या संशोधकांनी हे मोजून दाखवले. त्यातले काही पाणी शेजारचे गवतही पिते, हे पुढे सिद्ध झाले.

आज खरा धोका आगीचा आहे. जळालेले सेजब्रश बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. बी बारीक, बहुतेक झुडपाच्या आसपासच पडते. मधल्या काळात चीटग्रास हे परदेशी गवत मोकळी जागा बळकावते, लवकर वाळते आणि पुढची आग आणखी लवकर लागते. म्हणून जळलेल्या भागांत बी विमानातून पेरतात, रोपेही लावतात. पण बी कुठले, याला फार महत्त्व असते. डोंगरातल्या उपजातीचे बी सखल, कोरड्या जमिनीत सहसा तग धरत नाही, आणि तिथे पेरणी वाया जाते.