क्रॅब स्टिक: नाव खेकड्याचं, मांस राणी माशाचं

सुशीच्या ताटात आणि सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्ये दिसणाऱ्या लाल-पांढऱ्या क्रॅब स्टिकमध्ये खेकड्याचं मांस सहसा नसतंच. ती सुरीमीची, म्हणजे धुतलेल्या माशाच्या लगद्याची कांडी. आपल्याकडच्या सुरीमीत बराचसा मासा राणी असतो, कोकणातल्या बाजारात मिळतो तोच गुलाबी मासा. रत्नागिरी आणि वेरावळहून ही सुरीमी परदेशी जाते.

लगद्यापासून केलेल्या 'कामाबोको'ची नोंद जपानमध्ये १११५ सालच्या एका मेजवानीत सापडते. मात्र लगदा ताजाच वापरावा लागे. गोठवला की प्रथिनं बिघडत आणि वितळल्यावर तो स्पंजासारखा होई. जपानच्या होक्काइडो बेटाकडे पोलॉक मासा मुबलक, पण किंमत त्याच्या गाबोळीला. १९६०मध्ये तिथल्या संशोधकांना उपाय सापडला: लगदा धुऊन त्यात साखर मिसळायची.

खरं कसब या धुण्यात आहे. डोकं-आतडी काढून, काटे-कातडी वेगळी करून उरलेला खिमा १० अंशांखालच्या पाण्यात दोन-तीनदा धुतात. रक्त, चरबी आणि पाण्यात विरघळणारी प्रथिनं निघून जातात. वास आणि रंगही जातो. मग पाणी दाबून काढायचं, सुमारे ४ टक्के साखर, ४ टक्के सॉर्बिटॉल (साखरेसारखाच एक गोड पदार्थ) आणि किंचित फॉस्फेट घालून १० किलोच्या लाद्या गोठवायच्या. पाणी कोमट झालं किंवा मासा शिळा असला, तर लगदा पुढे नीट बांधला जात नाही. त्यामुळे आपल्या उष्ण हवेत बोटीवरच्या बर्फापासूनच दर्जा ठरतो.

त्या लगद्याला खेकड्याचं रूप आलं ते १९७२मध्ये, जपानमधल्या नानाओ शहरातल्या सुगियो कंपनीत. तिथे कृत्रिम जेलीफिश करायचा प्रयत्न चालला होता. तो फसला, पण त्या पदार्थाच्या चिरलेल्या पट्ट्या खेकड्याच्या धाग्यांसारख्या लागल्या. कांडीचा आकार १९७४मध्ये हिरोशिमाच्या ओसाकी सुईसानने दिला. आज सुरीमीत २-३ टक्के मीठ घालून ती चिकट होईपर्यंत घोटतात, स्टार्च आणि अंड्याचा पांढरा बलक मिसळतात, त्याचा पातळ थर शिजवून त्यावर चिरा पाडतात आणि गुंडाळतात. लगदा तापवताना ६० अंशांच्या आसपास रेंगाळला, तर माशातली एन्झाइम्स त्याची पकड तोडतात. म्हणून तो टप्पा झटपट ओलांडायचा.

कांडी आधीच शिजलेली असते. रश्श्यात शेवटची दोन मिनिटंच घाला, नाहीतर धागे सुटतात. चवीसाठी बऱ्याचदा खेकड्याचा अर्क असतो, त्यामुळे खेकडा-कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ती टाळावी. मासे किंवा अंडं सोसत नसेल त्यांनीही.