लागेल तेव्हाची गोळी: उशाशी येण्याआधीचा प्रवास

बायपोलर, म्हणजे मन कधी उन्मादात वर चढतं तर कधी नैराश्यात खाली बुडतं असा आजार, असलेल्या माणसाच्या औषधांच्या डब्यात दोन जातींच्या गोळ्या असतात. एक रोजच्या. लिथियम, व्हॅल्प्रोएट, क्वेटियापिन, जे काही चालू असेल ते. वेळ ठरलेली, मात्रा ठरलेली, बरं वाटत असलं तरी घ्यायच्याच. दुसरी एखादीच पट्टी असते. बहुधा अर्धी वापरलेली, आणि तिच्यातल्या एका गोळीचा तोडून उरलेला तुकडा परत चांदीच्या कागदात दाबून ठेवलेला. ही लागेल तेव्हाची. झोप लागली नाही तर, जीव फार घाबरा झाला तर.

चिठ्ठीवर तिच्यापुढे 'एसओएस' किंवा 'पीआरएन' लिहिलेलं असतं. एसओएस वाचून बुडत्या जहाजाची हाक आठवते, पण इथे ही अक्षरं लॅटिनमधली आहेत: 'सी ओपस सिट', गरज असेल तर. 'प्रो रे नाटा' म्हणजेही प्रसंग पडेल तसं. रुग्णालयात ही सूचना परिचारिकेसाठी असते. खाटेवरचा माणूस किती वेळ जागा आहे, किती येरझाऱ्या घालतोय, हे ती बघते आणि ठरवते. घरी आल्यावर सूचना तीच राहते, बघणारी नजर मात्र मागे राहते. ठरवणारा आणि ज्याच्याबद्दल ठरवायचं तो, एकच होतो. बायपोलरमध्ये खरी अडचण इथेच आहे, कारण ज्या मनाने 'गरज आहे का' हे तपासायचं, तेच मन त्या वेळी वर चढत असतं किंवा खाली बुडत असतं.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न नव्हता, कारण रोजचं औषधच नव्हतं. उन्मादावर होतं ते फक्त गुंगी आणणं. आधी अफू, मग ब्रोमाइड, आणि 1869 मध्ये ऑस्कर लीब्राइखने झोपेसाठी पुढे आणलेलं क्लोरल हायड्रेट. 1903 मध्ये एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटलचा झोप आणण्याचा गुण दाखवला आणि बार्बिट्युरेटचं, म्हणजे त्याच जातीच्या औषधांचं, युग सुरू झालं. झोप लागली की उन्माद उतरतो, हे डॉक्टरांना दिसत होतं. मग झोपच लांबवली तर? नील मॅक्लिओड या शांघायमधल्या डॉक्टरने शतक संपता संपता उन्मादाच्या रुग्णांना ब्रोमाइड देऊन दिवसचे दिवस झोपवलं. 1920 च्या सुमारास झ्युरिकमध्ये याकोब क्लेझीने बार्बिट्युरेट वापरून तेच मोठ्या प्रमाणावर केलं. त्यात रुग्ण दगावले. झोपेची मात्रा आणि श्वास थांबण्याची मात्रा यांत अंतर फार थोडं होतं. पण एक गोष्ट त्या काळापासून खरी ठरत आली आहे: या आजारात झोप हे नुसतं लक्षण नाही, ते हाताने धरता येण्याजोगं टोक आहे.

डब्याचे दोन भाग पडले ते लिथियममुळे. मेलबर्नजवळच्या एका रुग्णालयात जॉन केडने दहा उन्मादी रुग्णांना लिथियम दिलं आणि 1949 मध्ये ते छापलं. त्यांतला पहिला 51 वर्षांचा, पाच वर्षं सतत उन्मादात असलेला माणूस. तो सुधारला, घरी गेला, कामावर लागला. मग औषध सुटलं आणि आजार उलटला. पुन्हा लिथियम सुरू झालं, आणि 1950 मध्ये त्याच्याच विषबाधेने तो गेला. त्या एका माणसाच्या आयुष्यात पुढची सगळी शिकवण आधीच घडून गेली होती: रोज घ्यावं लागतं, सोडलं तर उलटतं, आणि मोजून घेतलं नाही तर मारतं. डेन्मार्कमध्ये मोगेन्स शाऊ यांनी 1954 पासून चाचण्यांनी ते पक्कं केलं, आणि 1970 मध्ये अमेरिकेत उन्मादासाठी त्याला मान्यता मिळाली.

पण लिथियमला चढायला वेळ लागतो. पहिला परिणाम दिसायलाच आठवडाभर जातो. त्या मधल्या रात्रींचं काय? 1952 मध्ये पॅरिसच्या लष्करी रुग्णालयात एका 24 वर्षांच्या उन्मादी तरुणाला क्लोरप्रोमाझिन दिलं गेलं आणि तीन आठवड्यांत तो घरी जाण्याइतका शांत झाला. तेव्हापासून तीव्र उन्मादासाठी ही औषधं होती, पण जड. घरी उशाशी ठेवायची गोष्ट ती नव्हे.

ती गोष्ट आली न्यू जर्सीतल्या एका प्रयोगशाळेच्या आवराआवरीतून. लिओ स्टर्नबाखने बाजूला ठेवून दिलेलं एक संयुग 1957 मध्ये टेबल साफ करताना सापडलं आणि तपासायला गेलं. ते क्लोरडायझेपॉक्साइड, बेन्झोडायझेपिन या वर्गातलं पहिलं औषध. 1960 मध्ये 'लिब्रियम' म्हणून ते बाजारात आलं, 1963 मध्ये डायझेपाम आलं, पुढे लोराझेपाम, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम. एकटं घेतलं तर बार्बिट्युरेटसारखा श्वास सहसा थांबत नाही, हा त्यांचा मोठा गुण. दारू किंवा अफूवर्गातल्या वेदनाशामकांबरोबर तो गुण राहत नाही, आणि माणसं दगावतात ती बहुतेक त्या जोडीने. तरी बऱ्याच निश्चिंतपणे घरी देता येईल अशी गोळी डॉक्टरांना मिळाली होती, आणि निश्चिंतपणा जरा जास्तच झाला. सवय लागते, तीच मात्रा अपुरी पडू लागते, एकदम बंद केली तर झोप आणखी उडते आणि झटकेही येऊ शकतात, हे वर्षानुवर्षं रुग्ण सांगत होते. ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने 1988 मध्ये दोन ते चार आठवड्यांची मर्यादा सांगितली. अमेरिकेत या सगळ्या वर्गावर अवलंबित्वाचा ठळक इशारा छापून यायला 2020 उजाडलं.

बायपोलरमध्ये मात्र या गोळीवर भार जास्त पडतो, आणि त्याला कारण आहे. इतरांच्या दीर्घ चिंतेवर जी नैराश्यविरोधी औषधं रोज दिली जातात, त्यांनीच बायपोलर माणूस कधी कधी उन्मादात फेकला जातो. तो दरवाजा अर्धा बंद असल्यामुळे घाबरेपणाचं ओझं लागेल तेव्हाच्या गोळीकडे सरकतं. 1983 मध्ये गी शुईनार यांनी तीव्र उन्मादात क्लोनाझेपाम थेट लिथियमसमोर ठेवून पाहिलं. ते मन स्थिर करणारं औषधच ठरेल की काय, अशी आशा तेव्हा होती. ती टिकली नाही. आज या गोळीची जागा पुलाची आहे: रोजचं औषध चढेपर्यंत, किंवा एखादी वाईट रात्र पार पडेपर्यंत. शेजारचं रोजचं औषध कोणतं, यावरही तिची मात्रा हलते. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर लोराझेपाम शरीरात जास्त साठतं आणि मात्रा साधारण निम्मी करावी लागते. कार्बामाझेपिन असेल तर अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम लवकर संपतात. म्हणून दुसऱ्याच्या पट्टीतली गोळी 'मला चालते, तुलाही चालेल' म्हणून घेऊ नये, हे मी कळकळीने सांगतो.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 1987 चा एक लेख. थॉमस वेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, की उन्माद सुरू व्हायची कारणं अनेक असतील, प्रवास, बाळंतपण, शोक, रात्रीचं काम, पण ती सगळी एकाच वाटेने आत शिरतात: झोप कमी होते. आणि एकदा उन्माद सुरू झाला की तोच झोप आणखी कमी करतो. चाक स्वतःच फिरू लागतं. यानंतर झोपेच्या गोळीचा अर्थच बदलला. एका रात्रीची गैरसोय टाळणं वेगळं आणि चाकात काठी घालणं वेगळं. वेर यांनीच 1998 मध्ये, मनःस्थिती झपाट्याने पालटणाऱ्या एका रुग्णाला रोज 14 तास अंधारात विश्रांती देऊन, मग ते तास हळूहळू 10 वर आणून त्याची चक्रं थांबल्याचं लिहिलं. पुढे एलन फ्रँक यांनी उठणं, जेवणं, निजणं यांच्या वेळा बांधून देणारी उपचारपद्धती घडवली आणि 2005 मध्ये तिचे निष्कर्ष आले. गोळीची सवय लागणं वाईट, पण ठरलेली वेळ आणि अंधार यांची सवय लागली, तर काही बिघडत नाही.

वेर वाचल्यावर एक भेद माझ्या मनात पक्का झाला, आणि तो प्रत्येक चिठ्ठीवर लिहावा असं मला वाटतं. 'झोप येत नाही' आणि 'झोपेची गरजच वाटत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात माणूस कूस बदलतो, थकलेला असतो, गोळी मागतो. दुसऱ्यात तीन तास झोपूनही तरतरी असते, पहाटे चारला कपाट आवरायची हुक्की येते, आणि गोळी नकोशी वाटते. जी रात्र जास्त धोक्याची, त्याच रात्री गरज जाणवत नाही. 'गरज असेल तर' हे शब्द इथे अपुरे पडतात.

म्हणून माझ्या डॉक्टरांनी त्या शब्दांखाली अटी लिहून दिल्या आहेत. आकडे माझ्या औषधांपुरते आहेत, दुसऱ्या कुणाला ते लागू नाहीत. पाच तासांपेक्षा कमी झोपेची रात्र गेली, तर पुढच्या रात्री अर्धी गोळी, हवीशी वाटो वा न वाटो. लागोपाठ तीन रात्री तसंच झालं, तर चौथ्या रात्री गोळी नाही, सकाळी डॉक्टरांना फोन. घेतलेल्या प्रत्येक तुकड्याची तारीख वहीत. त्या कागदाची एक प्रत डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे आणि दुसरी माझ्या बहिणीकडे असते. पहाटे चारला माझ्या खोलीत दिवा दिसला, तर कपाट आवरायला मदत न करता ती ती वही मागते.