पबमधला धूर आणि काउंटरमागचा माणूस

२९ मार्च २००४ पासून आयर्लंडमध्ये पबच्या आत सिगारेट पेटवणं बेकायदा ठरलं. पबसकट सगळ्या बंदिस्त कामाच्या जागांवर एकाच दिवशी बंदी घालणारा हा जगातला पहिला देश. तेव्हाचे आरोग्यमंत्री मीहॉल मार्टिन यांनी ही बंदी कामगारांच्या संरक्षणासाठी म्हणून मांडली, गिऱ्हाइकाला शिस्त लावण्यासाठी नव्हे. ते योग्यच होतं. गिऱ्हाईक दोन तास बसून घरी जातं. काउंटरमागे ग्लास भरणारा माणूस मात्र आठ तास, आठवड्यातले पाच-सहा दिवस, तीच हवा ओढत असतो.

आधी ही हवा नेमकी काय असते ते पाहू. ओढणारा झुरका घेऊन जो धूर सोडतो, तो खोलीतल्या एकूण धुराचा लहान भाग. मोठा भाग येतो तो दोन झुरक्यांच्या मधे नुसत्या धुमसणाऱ्या टोकातून. झुरका घेताना टोकाचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. ॲश-ट्रेच्या कडेवर ठेवलेली सिगारेट ६०० अंशांच्या आसपास धुमसते. तापमान कमी, प्राणवायू कमी, म्हणून जळणं अर्धवट राहतं आणि तेवढ्याच तंबाखूमागे विषारी द्रव्यं जास्त निघतात. यातले कण मायक्रॉनच्या अंशाएवढे बारीक असतात. ते धुळीसारखे खाली बसत नाहीत, तासन्‌तास तरंगत राहतात आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात.

‘चांगले एक्झॉस्ट बसवा, म्हणजे बंदीची गरज नाही’ हा युक्तिवाद जवळजवळ प्रत्येक देशात झाला. कागद-पेन्सिल घेऊन तो तपासता येतो. १० मीटर लांब, ७ मीटर रुंद, ३ मीटर उंच खोली घ्या : २१० घनमीटर हवा. तासाला २० सिगारेटी, म्हणजे गर्दीच्या पबसाठी फार नाही. एका सिगारेटमागे हवेत साधारण १० मिलिग्रॅम सूक्ष्म कण येतात, असं धरलं तर तासाला २०० मिलिग्रॅम. पंखे तासाला तीनदा खोलीची हवा बदलतात, म्हणजे ६३० घनमीटर बाहेर फेकतात. २०० भागिले ६३० : दर घनमीटरला सुमारे ३१७ मायक्रोग्रॅम. थोडे कण भिंतींना, पडद्यांना चिकटतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून जरा खाली येतो. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा आहे १५ मायक्रोग्रॅम. तिथवर यायचं तर तासाला १३ हजारांवर घनमीटर हवा फेकावी लागेल, म्हणजे खोलीतली सगळी हवा मिनिटाला एकदा बदलायची. तेवढ्या वाऱ्यात टेबलावरचे कागदी रुमाल टिकणार नाहीत, आणि गरम किंवा गार केलेली सगळी हवा बाहेर टाकल्याचं बिल वेगळंच.

फिल्टरनेही काम भागत नाही. उत्तम फिल्टर कण अडवतो, पण बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, कार्बन मोनॉक्साइड हे वायू त्यातून निघून जातात. हवा स्वच्छ दिसते, वास कमी होतो, आणि तेवढ्यावर माणूस निर्धास्त होतो. माझ्या मते यंत्र नसण्यापेक्षा ही निर्धास्ती जास्त घातक.

वरचं गणित कागदावरचं. प्रत्यक्षात काय मिळालं? स्कॉटलंडमध्ये २६ मार्च २००६ ला बंदी आली. एडिंबरा आणि ॲबरडीनमधल्या ४१ पबमध्ये आधी आणि नंतर मोजणी झाली : बंदीपूर्वी सरासरी २४६ मायक्रोग्रॅम, दोन महिन्यांनी २०. डब्लिनच्या ४२ पबमध्ये सूक्ष्म कण ८३ टक्क्यांनी आणि बेंझीन ८० टक्क्यांनी घटलं. इथे मोजणाऱ्यांसाठी एक सूचना. हातात मावणारी यंत्रं लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो त्यावरून वजन ठरवतात. ती कारखान्यात खनिज धुळीवर जुळवलेली असतात, आणि तंबाखूच्या धुराला जवळपास तिप्पट आकडा दाखवतात. म्हणून संशोधक त्या आकड्याला ०.३ च्या आसपासच्या गुणकाने गुणतात. स्वस्त मीटर घेऊन पबमध्ये जाल आणि ९०० वाचाल, तर हे लक्षात असू द्या.

पण हवेपेक्षा अंगातली मोजणी जास्त बोलकी. निकोटीन रक्तात फार टिकत नाही, दोनेक तासांत अर्धं होतं. यकृत त्याचं कोटिनीन बनवतं आणि ते अर्धं व्हायला १६ ते २० तास लागतात. म्हणून काल रात्रीच्या पाळीचा हिशोब आज सकाळच्या लाळेत सापडतो. कापसाचा बोळा दोन मिनिटं तोंडात धरायचा, नळीत टाकायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा. सुई नाही, रक्त नाही. स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या आयरिश बार कर्मचाऱ्यांच्या लाळेतलं कोटिनीन बंदीनंतर ८० टक्क्यांनी खाली आलं. सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा बंदी नव्हती. तिथली घट २० टक्के. भाषा, हवामान, बिअर सगळं सारखं, फरक फक्त कायद्याचा. यापेक्षा स्वच्छ तुलना विज्ञानाला क्वचितच मिळते.

स्कॉटलंडमधल्या टेसाइड भागात सिगारेट न ओढणारे बार कर्मचारी तपासले. खोकला, घरघर, डोळे चुरचुरणं असा काही ना काही त्रास बंदीपूर्वी ७९ टक्क्यांना होता, महिनाभराने ५३ टक्क्यांना. फुंकर मारून मोजतात ती श्वासाची ताकदही वाढली.

हृदयविकाराच्या आकड्यांत मात्र जरा सावध राहायला हवं. स्कॉटलंडमधल्या नऊ रुग्णालयांत हृदयाच्या तीव्र झटक्यांचे रुग्ण वर्षभरात १७ टक्क्यांनी घटले, तेव्हा बंदी नसलेल्या इंग्लंडमध्ये ४ टक्क्यांनी. घटलेल्यांत ६७ टक्के लोक सिगारेट न ओढणारे होते. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ ला बंदी आल्यावर झटक्यांच्या तातडीच्या भरत्यांवर दिसलेला परिणाम फक्त २.४ टक्के. तिथल्या बऱ्याच कामाच्या जागा आधीच धूरमुक्त झाल्या होत्या, हे त्याचं एक कारण. परिणाम खरा आहे, यात मला शंका नाही, कारण दुसऱ्याच्या धुरात अर्धा तास बसलं तरी रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) चिकट होऊ लागतात. पण एका ठिकाणचा मोठा आकडा उचलून जगभर लावू नये.

आता गल्ला. ‘धंदा बसेल’ ही मालकांची भीती पोकळ नव्हती. स्कॉटलंडमधल्या पबची उत्तर इंग्लंडच्या पबशी तुलना करणाऱ्या एका पाहणीत सुरुवातीच्या काळात विक्री १० टक्क्यांनी आणि गिऱ्हाइकं १४ टक्क्यांनी कमी भरली. फटका कोणाला बसला ते पाहायला हवं : जेवण न देणारे, मागे अंगण नसलेले, ठरावीक जुन्या गिऱ्हाइकांवर चालणारे छोटे पब. ज्यांच्याकडे स्वयंपाकघर होतं त्यांच्याकडे जेवायला कुटुंबं येऊ लागली. पुढच्या काळात ब्रिटनमध्ये पब मोठ्या संख्येने बंद झाले, पण त्याच सुमारास मंदी आली, बिअरवरचा कर वाढत गेला, सुपरमार्केटात दारू स्वस्त मिळत राहिली. सगळं खापर बंदीवर फोडणं चूक, आणि बंदीने कोणाचंच नुकसान झालं नाही म्हणणंही चूक.

दुसरी भीती अशी होती, की पबमध्ये बंद केलं तर माणसं घरी ओढतील आणि मुलांना त्रास होईल. स्कॉटलंडमध्ये अकरा वर्षांच्या आसपासच्या मुलांची लाळ तपासली, तर कोटिनीन सरासरी ३९ टक्क्यांनी घटलं होतं. मात्र ज्या घरात आई किंवा दोन्ही पालक ओढत होते, तिथे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पबचा कायदा त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचला नाही.

ओढणारे बाहेर गेले, म्हणून दारं, फुटपाथ आणि अंगणं भरली. शेजाऱ्यांना रात्रीच्या गलक्याचा त्रास, गटारात थोटकं. आयरिश कायद्यात छपराखाली ओढायचं तर परिघाच्या निम्म्याहून जास्त भागाला भिंत चालत नाही. हिवाळ्यात मालक बाजूंनी प्लॅस्टिकचे पडदे सोडतात आणि तो आडोसा पुन्हा बंद खोली होतो. दाराला लागून उभं राहिलं, तर दार उघडताच धूर आत खेचला जातो.

आपल्याकडे ही गोष्ट ओळखीची आहे. गोव्याने १९९७ मध्येच धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध कायदा केला. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ ला सार्वजनिक जागांवरच्या धूम्रपानाविरुद्ध आदेश दिला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर नियम लागू झाले. पण त्यात एक फट आहे : ३० किंवा जास्त आसनांच्या रेस्टॉरंटला वेगळी स्मोकिंग रूम ठेवता येते. अट अशी, की चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, दार आपोआप बंद होणारं हवं, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी हवा आणि एक्झॉस्ट थेट इमारतीबाहेर निघायला हवा.

यात बिघडतो तो दाब. हा फरक सहसा ५ पास्कलच्या आसपास ठेवतात, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा. स्वयंपाकघराची चिमणी जोरात चालू झाली की ती हॉलमधली हवा ओढते, हॉलचा दाब स्मोकिंग रूमपेक्षा खाली जातो आणि धूर उलटा हॉलमध्ये येतो. एक्झॉस्टच्या पात्यांवर डांबरासारखा चिकट थर बसला की ओढ कमी होते. दाराचा क्लोजर सैल झाला, किंवा वेटरने दाराखाली पाचर लावून ठेवली, तर सगळंच संपलं.

तपासायला एक उदबत्ती पुरते. चिमणी, एसी आणि एक्झॉस्ट नेहमीसारखे चालू ठेवा. हॉलच्या बाजूने बंद दाराच्या खालच्या फटीशी पेटलेली उदबत्ती धरा, मग बाजूच्या फटीशी, मग वरच्या. तिन्ही ठिकाणी धुराची रेघ खोलीच्या आत वळायला हवी. वरच्या फटीशी ती सरळ उभी राहिली किंवा हॉलकडे वळली, तर गरम धूर तिथूनच बाहेर येतोय. मग आधी पाती साफ करा, क्लोजर घट्ट करा, आणि चिमणी ओढते तेवढी हवा हॉलला बाहेरून मिळते की नाही ते पाहा. चाचणी शनिवारी रात्री, चिमणी सगळ्यात जोरात असते त्या वेळी पुन्हा घ्या. दुपारी पास झालेली खोली बहुतेक वेळा तेव्हा नापास होते.