म्हातारा न होणारा आणि न मरणारा परग्रहवासी

माणसांत मिसळून राहणारा 'अमर' परग्रहवासी कादंबरीत आणायचा असेल, तर आधी एक ठरवा: तो म्हातारा होत नाही, की मरतच नाही? हे न ठरवता लिहिलं की मध्यावर घोळ होतो. पाचशे वर्षं जिवाला जपलेला नायक एकदम गोळीबारात घुसतो आणि त्याला धोका आहे की नाही, हेच वाचकाला कळत नाही.

म्हातारा न होणारा जीव विज्ञानाला धरून आहे. गोड्या पाण्यातला हायड्रा शरीरातल्या पेशी सतत नव्या करत राहतो. प्रयोगशाळेत वय वाढलं तरी त्याचा मृत्युदर वाढताना दिसलेला नाही. पण त्याला खाणारे आहेतच. तुमच्या पात्राचंही तसंच. अपघाताने किंवा खुनाने मरण्याची शक्यता वर्षाला हजारात एक धरा. शंभर वर्षांनी शंभरातले नव्वद जण जिवंत असतील, ६९३ वर्षांनी निम्मे, ३००० वर्षांनी पाच. म्हणजे आजच्या मुंबईत ५००० वर्षांचा एक जण दाखवायचा, तर तेव्हा दीडशेच्या आसपास उतरलेले हवेत. बाकीच्यांचं काय झालं, हा कथेचा आयता ऐवज आहे, तो वाया घालवू नका.

क्लिफर्ड सिमॅकच्या 'वे स्टेशन'चा (१९६३) नायक माणूसच आहे, पण 'म्हातारा होत नाही, मरू मात्र शकतो' हा नियम तिथे चोख पाळलाय. अमेरिकन यादवी युद्धात लढलेला इनॉक परग्रहवासीयांच्या ठाण्यात असेपर्यंत त्याचं वय थांबतं. बाहेर पडला की घड्याळ चालू. त्यामुळे टपाल आणायला जाणंसुद्धा त्याला आयुष्यातून फेडावं लागतं.

अशा पात्राची खरी अडचण कागदपत्रांची. दर वीस वर्षांनी गाव आणि नाव बदलायची जुनी युक्ती आज भारतात अडते. नव्या नावाने आधार काढायला गेला, की बोटांचे ठसे आणि बुबुळं जुन्या नोंदीशी जुळतात.

न मरणाऱ्याला गोळीची भीती नाही, पण कोंडलं जाण्याची आहे. काँक्रीटमध्ये गाडला तर तो शतकानुशतकं शुद्धीवर राहील का? त्याचा तुटलेला हात परत उगवतो, तर त्या हाताचं वजन येतं कुठून? खाण्यातून येत असेल तर किती दिवस लागतात? ऑक्टेव्हिया बटलरने 'वाइल्ड सीड'मध्ये (१९८०) ही कटकटच ठेवली नाही: डोरोचं शरीर मेलं की तो जवळच्या माणसाच्या शरीरात शिरतो, आणि तो माणूस संपतो. किंमत दुसऱ्याने मोजायची, म्हणूनच डोरो भयंकर वाटतो.

अमर म्हणजे धडधाकट असंही नाही. सातपुड्यातल्या अस्तंब्याशी नाव जोडलेला अश्वत्थामा मरत नाही, आणि त्याची कपाळावरची जखमही भरत नाही.

पहिलं प्रकरण लिहिण्याआधी पात्राला चौथ्या मजल्यावरून खाली पाडून बघा. पुढच्या चोवीस तासांत त्याच्या शरीराचं काय होतं, ते एका पानात लिहा. तेवढं जमलं नाही, तर कथानकाला अजून हात घालू नका.