मनिऑर्डरवरचा बाप

माण-खटावकडच्या जुन्या घरांत बाप-लेक एकमेकांशी सरळ का बोलत नाहीत, असं विचारलं की लोक 'दोघंही तापट' म्हणून मोकळे होतात. मला तरी ते स्वभावाचं वाटत नाही.

सुरुवात दुष्काळापासून. हा सातारा जिल्ह्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेतला. मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची कंपनी निघाली आणि पुढे कोकणाबरोबर घाटावरचेही गडी गिरणगावात जाऊ लागले. एक भाऊ शेतीवर, एक मुंबईला. राहायला गावकीची खोली. पाळीनं काम, पाळीनंच अंथरूण. बायको-पोरं गावी. टपालखात्याची मनिऑर्डर १८८० पासूनची, तीच महिन्याला घरी यायची.

जोडीला घरातली मर्यादा. थोरल्यांसमोर स्वतःचं पोर उचलून घ्यायचं नाही, लाड करायचे नाहीत. म्हणजे वर्षाकाठी यात्रेला आठ दिवस आलेला बापही पोराला लांबूनच दिसायचा.

आमचे आजोबा असेच मिलमध्ये. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपापुरतं कूपन असे. आजी अंगठा द्यायची, पोस्टमन पैसे मोजायचा आणि चौथीतले माझे वडील कूपन वाचायचे. मजकूर ठरलेला: पैसे पोचताच कळवणे, बैलाकडे बघणे, शाळा चुकवू नये. मग ते कूपन खुंटीवरच्या तारेला ओवलं जाई. उत्तरही वडीलच लिहीत, 'तीर्थरूप दादांस शि. सा. नमस्कार', पण पुढचं सगळं आजीनं सांगितलेलं. स्वतःचं एक वाक्य लिहायला जागा कुठे होती?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो लोक ट्रंक घेऊन गावी आले, त्यात आमचे आजोबा. आणि इथं खरी अडचण झाली. तोवर रान, विहीर, देणंघेणं वडिलांच्या हातात गेलेलं. घराचा मालक आपल्याच घरात पाहुणा. कांदा लावायचा की ज्वारी, यावरून एकदा वाजलं आणि अबोला धरला गेला.

तो मी वाहिला. एकाच सोप्यात दोघं बसलेले, मधे मी. "आज्याला इचार, पाणी धरायचंय का." "त्याला म्हणावं, लाईट रात्रीची हाय." दोघांनाही सगळं ऐकू जायचं, तरी मी उठून चार पावलं जाऊन निरोप सांगायचो. अशी निरोप्या पोरं बहुतेक घरांत होती. त्यांच्यामुळे अबोला सुसह्य व्हायचा, म्हणून लांबायचाही.

अकरावीला मी साताऱ्याला बोर्डिंगात गेलो. निरोप न्यायला घरात कुणी उरलं नाही. दिवाळीला आलो तर दोघं विहिरीवर, मोटर उघडून, फ्यूज कुणी चुकीचा बांधला यावरून एकमेकांच्या तोंडावर भांडत होते. आजी म्हणाली, "जेवायला हाक मारू नगंस. भांडू दे."