निरोप्याची पायरी: बायबलमधील देवदूत आणि नम्रतेच्या शिकवणीची पार्श्वभूमी

ख्रिस्ती उपदेशांत देवदूतांचा दाखला नम्रतेसाठी दिला जातो तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा चित्रांतले तेजस्वी, पंखधारी रूप उभे राहते, आणि इतक्या थोर प्राण्याने नमते घेतले याचेच त्याला कौतुक वाटते. या शिकवणीचे मूळ मात्र त्या तेजापेक्षा एका साध्या शब्दात आहे. हिब्रू भाषेतील ‘मलाख’ आणि ग्रीक भाषेतील ‘अँगेलोस’ या दोन्ही शब्दांचा अर्थ निरोप्या एवढाच होतो. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या 32व्या अध्यायाच्या आरंभी इस्राएली लोकांचा पूर्वज याकोब याला वाटेत देवाचे ‘मलाख’ भेटतात, आणि दोनच ओळींनंतर तो स्वतः आपल्या भावाकडे, एसावाकडे, ‘मलाख’ पाठवतो. मराठीत इथे एकदा देवदूत आणि एकदा जासूद असे दोन शब्द वापरावे लागतात. हिब्रू वाचकाला ती सोय नव्हती. त्याच्या दृष्टीने स्वर्गातला दूत काय आणि याकोबाचा गडी काय, दोघांची ओळख एकच होती: कोणीतरी पाठवलेला.

ही ओळख सर्वांत रेखीव उमटली आहे ती शास्ते पुस्तकाच्या 13व्या अध्यायात. बलाढ्य वीर शमशोन याच्या जन्माचे वर्तमान घेऊन आलेला दूत आधी त्याच्या होणाऱ्या आईला, मानोहाच्या बायकोला, भेटतो आणि ती त्याला नावगाव विचारत नाही. मानोहा मात्र यजमानाच्या रीतीने करडू रांधून आणतो म्हणतो, आणि तुझे वचन खरे ठरल्यावर तुझा सन्मान करता यावा म्हणून नाव सांग, असा आग्रह धरतो. दूत जेवण नाकारतो, होम करायचाच असेल तर तो परमेश्वराला कर म्हणतो, आणि नावाबद्दल एवढेच सांगतो की ते अद्भुत आहे, तू ते कशाला विचारतोस. मग तो वेदीच्या ज्वालेतून वर जातो. सन्मानासाठी मागितलेले नाव न देताच तो जातो, हा तपशील माझ्या मते या कथेतील चमत्कारापेक्षा अधिक बोलका आहे.

यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातील 6व्या अध्यायात देवाच्या सिंहासनापाशी असणाऱ्या सराफीम या स्वर्गीय प्राण्यांचे जे दर्शन आहे, ते पुष्कळांना पाठ असते. त्यातील पहिल्या वाक्याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. ते दर्शन ‘उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी’ झाले. यहूदा राज्याच्या या राजाने 52 वर्षे राज्य केले, आणि बळ वाढल्यावर तो उन्मत्त झाला, असे इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात म्हटले आहे. याजकांचा, म्हणजे मंदिरातील पुरोहितांचा, अधिकार स्वतःकडे घेऊन तो धुपाटणे हातात धरून मंदिरात शिरला, 80 याजकांनी अडवले तेव्हा संतापला, आणि तिथेच त्याच्या कपाळावर कोड उठले. या पार्श्वभूमीवर सराफीमांचे वर्णन वाचावे: सहा पंखांपैकी दोहोंनी तोंड झाकलेले, दोहोंनी पाय झाकलेले, उडण्यासाठी उरलेले दोनच. वेदीवरचा निखाराही त्यांतला एक जण चिमट्याने उचलतो. राजा जिथे बेधडक घुसला, तिथे सिंहासनापाशी नित्य असणारे तोंड झाकून आहेत.

पुढे बाबेलमधील बंदिवासानंतरच्या यहुदी लेखनात दूतांना नावे मिळू लागली. दानिएलाच्या पुस्तकात गब्रीएल आणि मीखाएल येतात, कॅथलिक परंपरेने स्वीकारलेल्या तोबीत ग्रंथात रफाएल येतो. नावांबरोबर कुतूहल वाढले, आणि कुतूहलाबरोबर भक्तीही. पहिल्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील कलस्सै या गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात ‘लीनता’ आणि ‘देवदूतांची उपासना’ यांचा उल्लेख एका दमात येतो, आणि तो निषेध म्हणून येतो. या ओळीचा अर्थ अनेक अभ्यासक असा लावतात की देवाकडे थेट जाण्याची आपली योग्यता नाही, म्हणून मधल्या दूतांना धरावे, असा तिथल्या काहींचा समज होता. वरकरणी ही नम्रताच. पत्र मात्र अशा माणसाला फुगलेला म्हणते. नव्या करारातील फिलिप्पैकरांस पत्रात ज्या ग्रीक शब्दाने खरी लीनता सांगितली आहे, तोच शब्द इथे तिच्या सोंगासाठी आला आहे. ही सवय लवकर सुटली नाही. कलस्सैच्या शेजारच्या लावदिकीयात चौथ्या शतकात भरलेल्या धर्मसभेला देवदूतांची नावे घेऊन वेगळे मेळे भरवण्यावर बंदी घालावी लागली, आणि पाचव्या शतकातील थिओडोरेट या बिशपने त्या भागात मीखाएलाची प्रार्थनास्थळे अजून दिसतात, असे नोंदवले.

याच मीखाएलाबद्दल नव्या करारातील यहूदाच्या छोट्याशा पत्रात एक ओळ आहे. मोशेच्या शरीरावरून सैतानाशी वाद चालला असताना त्याने निंदायुक्त दोषारोप करण्याचे धाडस केले नाही. ‘प्रभू तुला धमकावो’ एवढेच तो म्हणाला. समोर साक्षात सैतान, बाजू निर्विवाद खरी, तरीही निवाडा स्वतःकडे घेतला नाही. देवदूतांकडून घेण्याच्या धड्यांत मला हा सर्वांत अवघड वाटतो, आणि धर्मवाद घालणाऱ्यांनी तो फारसा घेतल्याचे इतिहासात दिसत नाही.

बायबलच्या लॅटिन भाषांतरात जेरोम या विद्वानाने माणसाच्या निरोप्यासाठी बहुतेक ठिकाणी ‘नुन्तियुस’ आणि स्वर्गातल्यासाठी ‘आंगेलुस’ असे शब्द वापरले, त्यामुळे पश्चिमेकडे कामाचे नाव हळूहळू जातीचे नाव झाले. त्याच काळातील ऑगस्टीन या बिशपला म्हणूनच बजावावे लागले की हे पदाचे नाव आहे, स्वभावाचे नव्हे. पतित दूतांचे मूळ पाप गर्व होय, ही मांडणीही त्याने पक्की केली. तिला आधार म्हणून वापरला जाणारा यशयाचा 14वा अध्याय मुळात बाबेलच्या राजाविषयी आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे. साधारण 500 सालच्या सुमारास डायोनिसियस या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने दूतांच्या नऊ श्रेणी लावल्या, 745 साली रोममधील धर्मसभेने मीखाएल, गब्रीएल आणि रफाएल सोडून इतर नावांनी केलेल्या प्रार्थना अमान्य केल्या, आणि सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनने त्या श्रेणी लावणाऱ्याला टोला हाणला की हा माणूस जणू स्वर्गातून पडून डोळ्यांनी पाहिलेलेच सांगतो आहे.

नव्या करारात या साऱ्याचा शेवटचा प्रसंग प्रकटीकरण या अखेरच्या पुस्तकात आहे, आणि तो दोनदा घडतो. 19व्या अध्यायात हे दर्शन पाहणारा योहान दूताच्या पाया पडतो. दूताचे ग्रीक उत्तर दोन शब्दांचे आहे, अर्धवट तोडलेले: ‘पाहा, नको.’ मी तुझा आणि तुझ्या भावांचा सोबतीचा दास आहे, नमन देवाला कर, असे तो सांगतो. तरीही 22व्या अध्यायात योहान पुन्हा पाया पडतो. दूत चिडत नाही, तेच दोन शब्द पुन्हा उच्चारतो. फक्त या वेळी सोबतीच्या दासांच्या यादीत तो संदेष्ट्यांच्या जोडीला ‘या पुस्तकातील वचने पाळणारे’ असे आणखी काही जण घालतो.