पावसाळी मासेमारी बंदी (कोकण किनारा)

पावसाळी मासेमारी बंदी : दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यंत्रचलित नौकांनी समुद्रात मासेमारी करू नये, हा पश्चिम किनाऱ्यावर लागू असलेला नियम. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत (सुमारे २२ किमी.) ही बंदी राज्य सरकार घालते, त्यापलीकडच्या अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यासाठी) केंद्र सरकारचा आदेश निघतो. वल्ह्यांवर किंवा शिडावर चालणाऱ्या बिगरयांत्रिक होड्यांना बंदीतून सूट आहे. पूर्व किनाऱ्यावर हाच काळ १५ एप्रिल ते १४ जून असा धरतात.

कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून कोकणात ही बंदी रूढी म्हणून पाळली जात होती. आगोट (पावसाळ्याची सुरुवात) जवळ आली की होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, झापांनी (नारळीच्या विणलेल्या झावळ्यांनी) शाकारायच्या, जाळी काढून दुरुस्तीला घ्यायची आणि श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून मगच पुन्हा पाण्यात उतरायचे. शिडाच्या होडीला पावसाळी दर्यात जाणे परवडणारेच नव्हते. माशांना विसावा मिळे तो त्यातून आपोआप. इंजिन आणि ट्रॉलर (समुद्रतळावरून जाळे ओढणाऱ्या यांत्रिक नौका) आल्यावर खवळलेल्या समुद्राचा हा धाक उरला नाही, आणि रूढीच्या जागी कायदा आणावा लागला. केरळमध्ये ट्रॉलरधारक व पारंपरिक मच्छीमार यांच्यातील संघर्षानंतर १९८८ मध्ये पावसाळी ट्रॉलबंदी सुरू झाली. महाराष्ट्रात बंदीचा आधार म्हणजे १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम. २०२१ च्या दुरुस्तीने त्यातील दंड लाखांच्या घरात गेले. पूर्वी राज्यात बंदी १० जूनला सुरू होई आणि १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल त्या दिवशी संपे. संपूर्ण किनाऱ्यासाठी एकसारख्या तारखा ठरल्या तेव्हा कायद्यातली पौर्णिमा गेली.

त्यामुळे निर्माण झालेला तिढा अजून सुटलेला नाही. १ ऑगस्टला बहुधा दर्या शांत झालेला नसतो आणि सणही आलेला नसतो. २०२३ साली अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. म्हणजे नारळ पडण्याआधी यांत्रिक नौकांना महिनाभर मोकळीक होती. बंदी निदान १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी, अशी मागणी मच्छीमारांच्याच काही संघटना करतात. मोठ्या नौकांच्या मालकांना मात्र प्रत्येक वाढीव दिवस कर्जाच्या हप्त्यात मोजावा लागतो. खलाशी, त्यांत रत्नागिरीकडच्या नौकांवरचे नेपाळी खलाशीही आले, मेअखेर गावी गेलेले असतात आणि त्यांना वेळेवर परत आणणे हे वेगळेच काम असते.

बंदीचा जैविक आधार प्रजननकाळ हा आहे. पावसाबरोबर नद्या पोषकद्रव्ये समुद्रात आणतात, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतात आणि तारली, बांगडा यांसारखे मासे याच सुमारास अंडी घालतात. पण सगळ्या माशांचा विणीचा हंगाम ६१ दिवसांत बसत नाही. खरी कसोटी लागते ती बंदी उठल्यावर : जून-जुलैत जन्मलेली पिल्ले ऑगस्टनंतर कोणत्या आसाच्या (छिद्रांच्या मापाच्या) जाळ्यात सापडतात, यावर सगळे अवलंबून असते. पालघर, वसई, मुंबई, रायगड या पट्ट्यातली डोल, म्हणजे पिशवीसारखे जाळे, समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधतात आणि ती भरती-ओहोटीच्या ओढीवर भरते. उधाणात (मोठ्या भरतीच्या दिवसांत) तिला जोर, भांगेत (लहान भरतीच्या दिवसांत) ती जवळजवळ रिकामी. बोंबील आणि जवळा (अगदी बारीक कोळंबी) यांसाठी तिचे शेवटचे टोक बारीक आसाचे असते, आणि त्यात इतर माशांची पिल्लेही येतात. याचा दोष एकट्या डोलधारकांवर टाकणे अन्यायाचे ठरेल. समुद्रतळ खरवडणारी ट्रॉल जाळी आणि अख्खा थवा एकदम उचलणारी पर्ससीन जाळी यांची क्षमता कितीतरी मोठी आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये पर्ससीनवर हंगामाची व संख्येची मर्यादा घातली. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. हे नियम मोडले जातात, ही पारंपरिक मच्छीमारांची कायमची तक्रार आहे. २०२५ पासून किनाऱ्यावर टेहळणीसाठी ड्रोनही वापरले जाऊ लागले.

पिल्लांचा प्रश्न सर्वांत ठळक दिसतो तो पापलेटात. २०२३ मध्ये चंदेरी पापलेटाला राज्यमासा घोषित करण्यात आले; त्यामागे पालघर जिल्ह्यातील सातपाटीच्या मच्छीमारांचा पाठपुरावा होता. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याजोगे किमान आकारमान ठरवले. त्याहून लहान मासा पकडणे बेकायदा झाले असले, तरी बाजारात तळहाताएवढे पापलेट स्वस्त म्हणून उचलणारे गिऱ्हाईक अजूनही आहे.

बंदीच्या काळातले किनाऱ्यावरचे जेवण हा या विषयाचाच भाग. वलांडीवर (बांबूंच्या मांडणीवर) सुकवलेले बोंबील, सुकट, सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी), खारवलेला बांगडा हे सारे मेअखेरपर्यंत डब्यांत आणि मडक्यांत भरून झालेले असते. आगोटीच्या खरेदीत ते तांदूळ-मिरचीच्या बरोबरीने येते. शहरांतल्या मंडईत पूर्व किनाऱ्यावरचा बर्फातला मासा दिसू लागतो. श्रावण पाळणाऱ्यांमुळे पुढे मागणीही ओसरते.

खाड्या आणि ओढे मात्र याच दिवसांत गजबजतात. पहिल्या पावसात गोड्या पाण्यातले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. दक्षिण कोकणात त्यांना चढणीचे, तर रायगड-ठाण्याकडे वलगणीचे मासे म्हणतात, आणि ते पकडायला गावेच्या गावे टोपल्या घेऊन निघतात. खाडीतली चिवणी (एक मासा) तर गाभोळीने (अंड्यांनी) भरलेली म्हणूनच या दिवसांत जास्त भावाने विकली जाते. समुद्रात अंडी वाचावीत म्हणून नौका शाकारून ठेवलेल्या असताना त्याच गावच्या चुलीवर गाभोळीचे कालवण शिजत असते, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.